खेळासाठीं समुद्रापार

जर्मनीच्या पश्चिम भागांत एसेन नांवाचें शहर आहे. एके काळीं कोळशाच्या खाणी आणि क्रुप घराण्याच्या तोफा यांमुळें तें जगास ठाऊक होतें. खाणी आतां बंद झाल्या. १९८३ सालापासून मात्र तेथें दरवर्षीं शरदृतूंत एक निराळीच जत्रा भरते. ती पटावरच्या खेळांची जत्रा होय. चार दिवसांत सुमारें दोन लाख माणसें तेथें येतात, हजारों टेबलांभोवतीं बसून सोंगट्या हलवतात, पत्ते वांटतात, फांसे टाकतात, आणि नव्या खेळांचे नियम शिकून घेतात. पुण्यासारख्या शहरांतील एखाद्या हौशी तरुणास तेथें जावयाचें झाल्यास त्याची तयारी पुष्कळ महिने आधीं सुरू होते. व्हिसा, विमानाचें तिकीट, युरोचा भाव, उतरण्याची जागा या सर्वांची यादी होते. आणि तो जाणता असल्यास आणखी एक गोष्ट करतो : जे खेळ खेळावयाचे त्यांचीं नियमपत्रकें घरींच वाचून ठेवतो. कारण टेबलाशीं बसल्यावर नियम विचारीत राहिलें तर डाव दुसऱ्याचा होतो. ही यादी चाललेली असतां घरांतील कोणी वडील मनुष्य सहज विचारतो, ‘खेळावयास का कोणी समुद्र ओलांडतो?’

हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. त्याचें उत्तर या शहरानें शंभर वर्षांपूर्वीं दिलें आहे. तें पटावरच्या खेळासाठीं नव्हतें, मैदानावरच्या खेळासाठीं होतें. परंतु यादी तीच होती, पैशाची विवंचना तीच होती, आणि नियमपत्रकाची अडचणहि तीच होती.

त्या काळच्या पुण्याचें चित्र डोळ्यांपुढें आणलें म्हणजे त्या उत्तराची किंमत कळते. १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून येथें ग्रामण्य उभें राहिलें होतें. परदेशगमन केलेल्यास प्रायश्चित्त सांगणारे शास्त्री जिवंत होते. खेळाच्या मैदानावरहि चहाचा प्रश्न सुटलेला नव्हता. बाळू पालवणकर हा पुण्यांतील युरोपियनांच्या क्लबांत खेळपट्टीची निगा राखणारा चर्मकार तरुण. त्याच्या गोलंदाजीवांचून हिंदूंच्या संघाचें चालेना म्हणून त्यास खेळण्यास घेतलें. चहा मात्र त्यास बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत मिळे. हाच बाळू १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालील संघाबरोबर इंग्लंडास गेला आणि त्या दौऱ्यांत त्यानें एकंदर ११४ बळी घेतले. परंतु तो दौरा राजेमहाराजे आणि मुंबईचे धनिक यांनीं उभा केलेला होता. पुण्याच्या मध्यमवर्गानें आपण होऊन, आपल्या संस्थेच्या बळावर, खेळाडूंस समुद्रापार पाठविण्याचा बेत केला तो १९१९ आणि १९२० या दोन सालांत.

मुठेच्या पलीकडे, शेतांनीं वेढलेल्या मोकळ्या जागेंत, १९०६ सालीं डेक्कन जिमखाना ही संस्था स्थापन झाली. बाळकृष्ण नारायण भाजेकर हे तिच्या संस्थापकांपैकीं प्रमुख. देशी आणि विलायती दोन्ही प्रकारचे खेळ एका मैदानांत आणावे असा संस्थेचा हेतु होता. तिच्या वार्षिक सामन्यांत लांब पल्ल्याची एक शर्यत असे, आणि तींत धांवणारे बहुतेक आसपासच्या खेड्यांतील शेतकरी असत. त्यांच्या पायांत कांहीं नसे. दम कसा राखावा, पहिल्या मैलांत किती आवरावें, याचें शिक्षण त्यांस कोणीं दिलेलें नव्हतें. १९१९ सालच्या सामन्यांस सर दोराबजी टाटा उपस्थित होते. केंब्रिज येथें शिकत असतां त्यांनीं इंग्लंडांतील मैदानें पाहिलीं होतीं, आणि मुंबईच्या शाळांत खेळांची गोडी लावण्यासाठीं पुष्कळ खटपट केली होती. या अनवाणी शेतकऱ्यांनीं घेतलेला वेळ युरोपांतील धांवपटूंच्या वेळाशीं ताडून पाहतां फारसा मागें नाहीं, असें त्यांच्या ध्यानीं आलें.

त्या प्रसंगीं मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड हेहि आलेले होते. (इंग्लंडच्या तेव्हांच्या पंतप्रधानांच्या नांवाशीं साम्य असल्यामुळें पुष्कळ लेखांत येथें ‘लॉईड जॉर्ज’ असें छापलेलें आढळतें. तो घोटाळा आहे. लॉईड जॉर्ज पुण्याच्या शर्यती पाहण्यास आले नव्हते.) बेल्जममधील अँटवर्प येथें पुढच्या वर्षीं ऑलिम्पिक सामने भरणार होते. त्यांत हिंदुस्थानास स्वतंत्र नांवानें प्रवेश मिळावा, अशी गोष्ट दोराबजी आणि पुण्याची मंडळी यांनीं गव्हर्नरांच्या कानीं घातली. गव्हर्नरांनीं ती ब्रिटिश ऑलिम्पिक मंडळाकडे पोंचविली, आणि फेब्रुवारी १९२० मध्यें संमति आली. परक्यांच्या सत्तेखालीं असलेल्या देशास खेळाच्या दप्तरांत स्वतःचें नांव मिळालें. ही लहान गोष्ट नव्हती.

संमति हातीं पडली तेव्हां सामन्यांचें उद्घाटन सहा महिन्यांवर आलेलें होतें, आणि त्यांतील बोटीचा प्रवास वजा जातां जेमतेम चार महिने हातीं उरत होते. दोराबजी, भाजेकर, भूत, फैजी, भागवत वगैरे मंडळींची एक समिति झाली. तिच्यापुढें पहिलाच प्रश्न असा आला कीं, निवड कशी करावी? त्या बैठकीची एक आठवण सांगितली जाते. शंभर मीटर धांवण्यास किती वेळ लागला म्हणजे धांवपटू अँटवर्पला जाण्यास योग्य समजावा, असा प्रश्न निघाला. एका प्रतिष्ठित सभासदांनीं अंदाज दिला : एक-दोन मिनिटें. हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा, किंबहुना सेकंदाच्या पंचमांश-दशमांशांचा असतो, असें सांगितल्यावर सभा चकित झाली म्हणतात.

आजच्या वाचकास हंसूं येईल, परंतु हंसणें न्यायाचें होणार नाहीं. गांवच्या जत्रेंत धांवण्याची शर्यत होई तेव्हां पहिला कोण आला एवढेंच पाहिलें जाई. नारळ पहिल्यास मिळे. त्यास किती पळें लागलीं हें विचारण्याचें कारणच नव्हतें. गेल्या वर्षींचा पहिला आणि या वर्षींचा पहिला यांची तुलना कोणी करीत नसे, मग अँटवर्पच्या अनोळखी धांवपटूशीं तुलना कोठून होणार? समितींतील माणसें अडाणी नव्हतीं. एका मापाच्या जगांत वाढलेलीं माणसें दुसऱ्या मापाच्या जगांत जाण्याची तयारी करीत होतीं, आणि तें दुसरें माप त्यांस एकाच उन्हाळ्यांत शिकावयाचें होतें. पुण्याच्या या बेताचें खरें मर्म येथें आहे. बाकीच्या अडचणी पैशानें सुटण्यासारख्या होत्या.

पैसाहि सोपा नव्हता. कांहीं मदत सरकारकडून आली, कांहीं निरनिराळ्या जिमखान्यांनीं आणि देणगीदारांनीं दिली, आणि मोठा वांटा दोराबजींनीं स्वतःच्या खिशांतून उचलला. एप्रिलमध्यें पुण्यास चाचणीचे सामने झाले, आणि सहा माणसें निवडलीं गेलीं. धांवण्यासाठीं बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगांवकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकिणी. कुस्तीसाठीं कुमार नवले आणि रणधीर शिंदे. व्यवस्थापक म्हणून सोराब भूत आणि डॉक्टर फैजी यांची योजना झाली. जूनच्या आरंभीं मंडळी मुंबईहून निघाली. लंडनला पोंचल्यावर स्टॅम्फर्ड ब्रिजच्या मैदानावर त्यांनीं सराव केला. उन्हाच्या रस्त्यावर अनवाणी धांवलेल्या पायांस बूट चढवावयाचे, खुणेच्या बंदुकीबरोबर उसळून निघण्याची संवय लावावयाची, वळणावर आपली पट्टी सोडावयाची नाहीं. जें शाळेंत शिकावयाचें तें ऐन परीक्षेच्या तोंडावर उरकावयाचें होतें.

ही मंडळी लंडनमध्यें असतांनाच, १ ऑगस्ट १९२० रोजीं, मुंबईस लोकमान्य टिळकांचें निधन झालें. त्याच दिवशीं असहकाराच्या चळवळीस आरंभ झाला. पुणें शोकांत बुडालें. गव्हर्नरांच्या शिफारशीनें विलायतेस गेलेल्या सहा खेळाडूंची आठवण त्या दिवसांत शहरांत कितीशा लोकांस झाली असेल?

चौदा ऑगस्टला अँटवर्पचे सामने सुरू झाले. बेल्जम चार वर्षें जर्मन सैन्याच्या टाचेखालीं राहून नुकताच मोकळा झाला होता. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांस आमंत्रण नव्हतें. पांच वर्तुळांचें निशाण ऑलिम्पिक मैदानावर प्रथम फडकलें तें येथेंच, आणि खेळाडूंच्या वतीनें शपथहि प्रथम येथेंच घेतली गेली. बॅनर्जी शंभर आणि चारशें मीटरांत पहिल्या फेरींतच मागें पडले. बावीस ऑगस्टची मॅरॅथॉन शर्यत ४२ किलोमीटर ७५० मीटरांची, म्हणजे पुढें ठरलेल्या अंतराहून अर्ध्या किलोमीटरानें अधिक, होती. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंदांत पहिला आला. दातार यांस शर्यत पुरी करतां आली नाहीं. चौगुले यांनीं ती २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी केली आणि त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. जगांतील निवडक धांवपटूंत एकोणिसावा. त्यांस या शर्यतीचें शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालें तें दोन महिन्यांपेक्षां अधिक नव्हतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या आंकड्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें लागतें.

त्याहून जवळचा प्रसंग रणधीर शिंदे यांचा. आपल्याकडील कुस्ती तांबड्या मातींत होते. जोड पाहून लावलेली असते, वेळेचें बंधन सैल असतें, आणि पाठ मातीला लागली म्हणजे निकाल लागतो. अँटवर्पला माती नव्हती, गादी होती, वजनाचे गट होते, घड्याळ होतें, आणि कोणीच चीत झाला नाहीं तर कौल पंचांचा होता. मातींत पायाची पकड बसते तशी गादीवर बसत नाहीं, आणि वाट पाहून समोरच्यास दमविण्याचा डाव घड्याळ लावलेल्या कुस्तींत अंगलट येतो. नवले पहिल्याच कुस्तींत अमेरिकेच्या मल्लाकडून हरले. शिंदे हलक्या वजनाच्या, फेदरवेट म्हणतात त्या गटांत उपांत्य फेरीपर्यंत चढले. तेथें अमेरिकेच्या सॅम्युएल गर्सननें त्यांस हरविलें, आणि तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती ते इंग्लंडच्या फिलिप बर्नार्डशीं हरले. पदक एका कुस्तीनें हुकलें. चवथ्या क्रमांकास पदक नसतें, म्हणून या नांवाची आठवण राहिली नाहीं. महाराष्ट्रांतील किती तालमींत रणधीर शिंद्यांची तसबीर आहे, याचा शोध कोणी घ्यावा.

परत आलेल्या मंडळींनीं पदक आणलें नाहीं, परंतु जगाचें माप आणलें. १९२४ सालीं पॅरिसच्या सामन्यांपूर्वीं दिल्लीस अखिल भारतीय चाचणी झाली, आणि १९२७ सालीं भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. सूत्रें पुण्याच्या हातांतून निघून देशाच्या हातीं गेलीं. तें योग्यच होतें. परंतु आरंभ कोणाच्या मैदानावर झाला हें पुढील पिढ्यांनीं विसरावें, हें तितकेंसें योग्य नव्हे.

नियमपत्रकाची ही अडचण कुस्तीपुरती किंवा धांवण्यापुरती नव्हती. पटावरच्या खेळांत ती अधिक स्पष्ट दिसते, कारण तेथें अंगबळाचा प्रश्न नसून केवळ नियमांचा असतो. बुद्धिबळ हा आपल्याच देशांत जन्मलेला खेळ. परंतु तो परदेशांत जाऊन परत आला तो निराळे नियम घेऊन. आपल्या घरांतून जो खेळ चाले त्यांत प्यादें पहिल्या खेळींतहि एकच घर सरके. राजास एकदां घोड्याची चाल मिळे. प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें म्हणजे तें ज्या मोहऱ्याचें घर असेल तेंच मोहरें होई. युरोपांत प्यादें आरंभीं दोन घरें टाकी, राजा हत्तीशीं जागा बदलून किल्ल्यांत शिरे, आणि शेवटास पोंचलेलें प्यादें थेट वजीर होई. आपल्याकडे मात कशी दिली याला मान होता. प्याद्यानें दिलेली प्यादेमात ही मोठ्या मोहऱ्यांनीं दिलेल्या मातीहून थोर. युरोपांत मात म्हणजे मात, गुण सारखाच.

पंजाबचे मीर सुलतान खान यांस याच फरकांतून जावें लागलें. देशी पद्धतीनें वाढलेल्या या खेळाडूनें १९२६ च्या सुमारास युरोपीय नियम शिकण्यास आरंभ केला. १९२९ सालीं नबाब उमर हयात खान यांच्याबरोबर ते लंडनला गेले, आणि त्याच वर्षीं रॅम्सगेट येथें ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनीं पटकावलें. १९३२ आणि १९३३ सालीं पुन्हां तोच मान मिळविला. हेस्टिंग्जला त्यांनीं जगज्जेता राहिलेल्या कापाब्लांकासही हरविलें. इतकें होऊनहि पुस्तकी आरंभ त्यांस अखेरपर्यंत अवघड गेले. मध्यडाव आणि अंतिम डाव यांवर ते जिंकत. दोन नियमांमधील अंतर बुद्धीनें ओलांडतां येतें, पण ओलांडतांना वेळ खर्च होतो, आणि सामन्यांत वेळ मोजलेला असतो. जागतिक बुद्धिबळ संघानें त्यांस मानाचा ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनीं.

पुन्हां कुस्तीकडे वळावयाचें तें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधवांसाठीं. रणधीर शिंदे यांच्या हातून निसटलेलें पदक ३२ वर्षांनीं त्यांनीं आणलें. १९४८ सालीं ते लंडनला गेले तेव्हां प्रवासखर्चास कोल्हापूर दरबाराचें साह्य होतें. गादीवरच्या कुस्तीची त्यांची ती पहिली ओळख, तरी ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें ठरलें तेव्हां पैशाचें कोडें पुन्हां उभें राहिलें. गांवकऱ्यांनीं यथाशक्ति वर्गणी केली. ज्या राजाराम कॉलेजांत जाधव शिकले त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असें सांगतात. पुण्याच्या समितीपाशीं टाटा होते. येथें एका शिक्षकाच्या घराच्या भिंती होत्या.

हेलसिंकीस जाधवांनीं ५७ किलो वजनाच्या गटांत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांचे मल्ल हरविले. पुढें जपानच्या शोहाची इशीई याच्याशीं लांबलेली झुंज ते हरले, आणि गादीवरून उतरतात तोंच त्यांस रशियाच्या रशीद मामेदबेकोवशीं लढण्याचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. तो नियम पुढें करून भांडण्यास त्या क्षणीं आपला एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता. थकलेल्या अंगानें जाधव लढले आणि हरले. इशीईस सुवर्णपदक, मामेदबेकोवला रौप्य, आणि जाधवांस कांस्य मिळालें. स्वतंत्र भारताचें व्यक्तिगत स्पर्धेंतील तें पहिलें पदक. कऱ्हाडच्या स्टेशनावर त्यांस नेण्यास शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या. सत्कार झाले, हार पडले. पुढें त्यांनीं स्वतः कुस्त्या लढवून कांहीं पैसा जमविला आणि तो प्राचार्यांचें घर सोडविण्यास दिला, अशीहि कथा आहे. अर्ध्या तासाच्या त्या नियमाची हळहळ मात्र राहिली. १९२० सालीं नियम ठाऊकच नव्हता. १९५२ सालीं नियम होता, पण तो बोलून दाखविणारा माणूस नव्हता.

बुद्धिबळाच्या ऑलिम्पियाडांत भारताचा संघ प्रथम उतरला तो १९५६ सालीं, मॉस्को येथें. पुण्याचा भाग त्यांत पुष्कळ उशिरां आला, पण चांगल्या रीतीनें आला. १९७७ सालीं पुण्यांत जन्मलेले अभिजित कुंटे हे २००० सालीं ग्रँडमास्टर झाले, आणि २००३ सालीं एडिंबरो येथें ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनीं जिंकलें; सुलतान खानांनीं सत्तर वर्षांपूर्वीं जें तीनदां जिंकलें होतें तेंच. सप्टेंबर २०२४ मध्यें बुडापेस्टला पंचेचाळिसावें ऑलिम्पियाड भरलें. भारताचे पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ तेथें सुवर्णपदकाचे धनी झाले. पुरुषांच्या संघांत नाशिकचे विदित गुजराथी होते. महिलांच्या संघांत नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि तिनें आपल्या पटावर व्यक्तिगत सुवर्णहि मिळविलें. त्या महिला संघाचे नायक अभिजित कुंटे होते.

बुद्धिबळाच्या संघाचा हा नायक पटावर बसत नाहीं. तो एकहि मोहरें हलवीत नाहीं, आणि डाव चालू असतां खेळाडूस खेळी सुचविणें त्यास वर्ज्य आहे. संघांत पांच खेळाडू असतात, खेळावयाचे असतात चार. आज कोणास विश्रांति द्यावी, उद्यां काळ्या मोहऱ्यांनीं कोण बसेल, कोणाची झोंप झाली नाहीं, बरोबरीचा प्रस्ताव आला तर नियम काय म्हणतो, हें सारें त्यानें पाहावयाचें. आणि दर फेरीपूर्वीं ठरलेल्या घटकेच्या आंत त्या चार नांवांची यादी पंचांकडे पोंचती करावयाची.